राजाचा वाढदिवस आणि आपली जयंती

जगात दोन प्रकारचे जन्मदिवस साजरे होतात. एक राजाचा आणि दुसरा महापुरुषाचा. राजाचा जन्मदिवस साजरा होतो तो केवळ तो जन्मला म्हणून. महापुरुषाचा जन्मदिवस साजरा होतो तो जन्मल्यानंतर त्याने काय केले म्हणून. हा भेद ज्या समाजाच्या ध्यानी राहत नाही, त्याच्या हातून महापुरुषाची जयंती राजाच्या वाढदिवसासारखी होऊन बसते. आणि ती तशी झाली की तिच्या पाठोपाठ बाजार येतो. रनाळे आणि नंदुरबार तालुक्यातील इतर गावांत ज्या कुटुंबांनी धम्मदीक्षा घेतली आहे व ज्यांच्या घरी १४ एप्रिल आणि वैशाख पौर्णिमा हे दोनच सण आता मोठे आहेत, त्यांनी या गोष्टीचा शांतपणे विचार करावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम राजांच्या वाढदिवसाची रीत पाहू. त्यासाठी दूर जावयास नको. १६१५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा सुरतेहून निघून नंदुरबारमार्गे बुऱ्हाणपुराकडे गेला. म्हणजे आपल्याच या खानदेशच्या मातीतून त्याच्या गाड्या गेल्या. तो पुढे जहांगीर बादशहाच्या दरबारी राहिला आणि त्याने जे पाहिले ते रोजनिशीत लिहून ठेवले. १६१७ साली मांडू येथे त्याने बादशहाच्या वाढदिवसाची तुला पाहिली. सोन्याच्या तराजूत एका पारड्यात रत्नांनी मढलेला बादशहा आणि दुसऱ्या पारड्यात क्रमाक्रमाने रुपे, सोने, रत्ने, रेशमी वस्त्रे, मसाल्याचे जिन्नस, धान्य. ही सारी संपत्ती गोरगरिबांस वाटली जाते, असे रोला सांगण्यात आले. पण तो चौकस मनुष्य होता. त्याने लिहून ठेवले की द्रव्य थैल्यांत बांधलेले होते. आत नाणी होती की खडे होते हे बाहेरून कळण्यास मार्ग नव्हता!

तुला संपल्यावर बादशहाने तबकांतून बदाम, सुपाऱ्या आणि फळे उधळली. ती खरी नव्हती. चांदीच्या पातळ पत्र्याची होती. ती वेचण्यासाठी दरबारातील मोठमोठे उमराव जमिनीवर पालथे पडले. राजाच्या वाढदिवसाचे सारे मर्म या एका प्रसंगात साठविलेले आहे. वरून झळाळी, आतून पोकळ; आणि वेचणारा जितका मोठा, तितका तो अधिक वाकलेला. चांदीचा बदाम कोणा भुकेल्याला खाता येत नाही.

याच रोला १६१६ साली आणखी एक वस्तू मिळाली होती. सोन्यात बसविलेले बादशहाचे छोटे चित्र, गळ्यात अडकविण्याच्या साखळीसह. बादशहाच्या मर्जीतील लोक असे चित्र पागोट्यावर किंवा गळ्यात मिरवीत. ते ज्याच्या अंगावर असे, तो बादशहाचा माणूस ठरे. आज बाजारात जी लॉकेटे, बिल्ले आणि पदके टांगलेली दिसतात, त्यांचा हा पूर्वज आहे. त्या काळी ते चित्र मर्जीने मिळत असे, आज ते पैशाने मिळते. परंतु ‘मी अमक्याचा’ हे सांगण्यापलीकडे त्याचे कार्य तेव्हाही नव्हते आणि आजही नाही.

मोगल गेले आणि इंग्रज आले. इंग्रज हा व्यापारी. त्याने राजाचा चेहरा थेट नाण्यावर आणला आणि तो घरोघर पोहोचविला. सातपुड्यातील आदिवासी भगिनींच्या गळ्यात जुन्या राणीछाप रुपयांच्या माळा आपण पाहिल्या आहेत. जी राणी त्यांच्या डोंगरावर कधी आली नाही, जिच्या राज्यात जंगल खात्याने त्यांचा पिढीजात वावर गुन्हा ठरविला, तिचाच मुखवटा त्यांच्या उरावर दागिना होऊन बसला. त्या भगिनींचा यात दोष नाही. त्यांच्यासाठी ती चांदी होती, अडीअडचणीस मोडावयाची पुंजी होती. पण राजसत्तेची युक्ती कशी चालते हे यावरून दिसते. उपयोगी वस्तूवर आपला चेहरा उठवावा, म्हणजे वस्तूची गरज चेहऱ्याच्या आदरात जमा होते.

त्याच राणीचा जन्मदिवस २४ मे हा पुढे साम्राज्यदिन म्हणून पाळला जाऊ लागला. तिच्या कारकिर्दीच्या १८८७ आणि १८९७ सालच्या महोत्सवांत पेले, बशा, बिस्किटांचे डबे, पदके यांचा विलायतेत पूर आला. तिच्यामागून गादीवर आलेला सातवा एडवर्ड नोव्हेंबरात जन्मलेला; पण नोव्हेंबरातील थंडी-पाऊस मिरवणुकीस गैरसोयीचा, म्हणून त्याचा सरकारी वाढदिवस उन्हाळ्यात साजरा होऊ लागला. आजही इंग्लंडच्या राजाचा सरकारी वाढदिवस जूनमध्ये येतो. आजचा राजा तिसरा चार्ल्स जन्मला मात्र १४ नोव्हेंबर १९४८ रोजी. ज्या जन्माचा एवढा गौरव, तो जन्म कोणत्या दिवशी झाला यालाही तेथे महत्त्व नाही! महत्त्व आहे ते मिरवणुकीला, गर्दीला आणि गर्दीपुढे मांडलेल्या मालाला. राजाच्या वाढदिवशी हिंदुस्थानात किताबही वाटले जात. कोणी रावसाहेब होई, कोणी रावबहादूर. तोही एक मालच होता. किंमत मात्र रुपयांत नव्हे, निष्ठेत मोजली जाई.

याला बौद्ध देशही अपवाद नाहीत, हे आपण प्रांजळपणे सांगितले पाहिजे. थायलंडचा राजा भूमिबोल ५ डिसेंबर १९२७ रोजी सोमवारी जन्मला. तेथील समजुतीप्रमाणे सोमवारचा रंग पिवळा. म्हणून पिवळा हा राजाचा रंग झाला. २००६ साली त्याच्या राज्यारोहणास साठ वर्षे झाली, तेव्हा देशभर पिवळे सदरे विकले गेले आणि लक्षावधी लोकांनी ते अंगात घातले. पुढे काय झाले? तोच पिवळा सदरा एका राजकीय गटाची खूण बनला, त्याच्याविरुद्ध दुसऱ्यांनी लाल सदरा घातला, आणि कपड्याच्या रंगावरून माणसे एकमेकांसमोर उभी राहिली. भगवान बुद्धाच्या मूर्तीपुढे दररोज हात जोडणाऱ्या देशात हे घडले. वस्तू निष्पाप असते, परंतु तिच्यावर निष्ठेचा शिक्का बसला की ती निष्पाप राहत नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. १८९४ साली मुंबईस राजा रविवर्म्याचा छापखाना निघाला आणि देवदेवतांची रंगीत चित्रे स्वस्तात घरोघर गेली. पुढे तो छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या गठ्ठ्यांवर देवांच्या आणि राजेरजवाड्यांच्या चित्रांचे रंगीत कागद चिकटविलेले असत. माल विलायतेचा, चित्र आपले, आणि नफा पुन्हा विलायतेचा. व्यापाऱ्याला आपल्या देवाशी वा राजाशी काही देणेघेणे नव्हते. ज्या चेहऱ्यापुढे गिऱ्हाईक थांबते तो चेहरा त्याला हवा होता.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या बाबतीत हेच अधिक ठळकपणे झाले. महात्मा फुल्यांनी १८६९ साली त्यांच्यावर पोवाडा रचला तो कुणब्यांचा कैवारी राजा म्हणून. १८९६ साली टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर उत्सव झाला, आणि राजा हा उत्सवमूर्ती झाला. फुल्यांचा शिवाजी विचार करावयास लावीत होता. उत्सवाचा शिवाजी जयजयकार करावयास लावू लागला. आज जन्मतारखेचाही वाद आहे. शासन १९ फेब्रुवारी मानते, कित्येक लोक फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी मानतात. भांडण इतिहासाचे, परंतु झेंडे, टोप्या आणि फलक विकणाऱ्याचा मात्र हंगाम दोनदा येतो.

महाराजांच्या नावाचा व्यापारी उपयोग होऊ नये म्हणून कायदा आहे. १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या अनुसूचीत शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांची नावे व चित्रे येतात. दिनदर्शिकेपुरती सूट ठेविली आहे, तीही चित्राचा उपयोग माल खपविण्यासाठी केला नसेल तरच. पण कायदा कागदावर राहतो आणि बाजार रस्त्यावर. महाराजांच्या पुत्राचे नाव तर एका विडीला कित्येक दशके चिकटलेले होते. लोकांनी आंदोलने केली, तेव्हा कोठे २०२१ साली ‘संभाजी विडी’ची ‘साबळे विडी’ झाली. नाव बदलले हे योग्यच झाले. परंतु आमचा प्रश्न निराळा आहे. वेष्टनावरच्या नावासाठी रस्त्यावर येणाऱ्यांपैकी किती जणांनी वेष्टनाच्या आतल्या विडीकडे पाहिले? ती विडी वळणारे हात कोणाचे? दिवसभर मांडीवर सूप घेऊन, पान कातरून, तंबाखूची धूळ छातीत साठवीत हजार विडीमागे मजुरी घेणाऱ्या बायकांचे. त्यांत आपल्या माताभगिनी फार मोठ्या संख्येने आहेत. ‘जय भीम’ हा अभिवादनाचा मंत्र ज्यांनी समाजाला दिला ते कामठीचे बाबू हरदास हे विडी मजुरांचे संघटक होते, हा योगायोग नव्हे. वेष्टनावर कोणाचा चेहरा आहे यापेक्षा आतला माल कोणाच्या घामाचा आहे, हे पाहण्याची दृष्टी आंबेडकरी चळवळीने आम्हांस दिली. ती दृष्टी आपल्याच जयंतीच्या वेळी मिटून कशी चालेल?

येथे कोणी म्हणेल की सर्वच राजे सारखे नव्हते. अगदी खरे. मार्च १९२० मध्ये माणगाव येथे भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेनेच राजर्षी शाहू छत्रपतींचा जन्मदिवस सणासारखा पाळावा असा ठराव केला. तो राजाच्या जन्माचा ठराव नव्हता. त्याच्या कर्माचा ठराव होता. १९०२ साली मागास वर्गांसाठी निम्म्या जागा राखणाऱ्या राजाचा तो सन्मान होता. याच राजाने कोल्हापुरात गंगाराम कांबळे या अस्पृश्य गृहस्थास चहाचे दुकान काढण्यास साहाय्य केले, आणि लोक तेथे चहा घेईनात तेव्हा स्वतः त्या दुकानापुढे गाडी थांबवून चहा घेतला. विचार करा! इतर राजांनी आपला चेहरा पेल्यावर छापून तो पेला प्रजेला विकला. शाहू महाराजांनी अस्पृश्याच्या दुकानातला पेला हाती घेऊन तोंडास लावला. एकाने प्रजेस गिऱ्हाईक केले, दुसरा प्रजेचा गिऱ्हाईक झाला. आपल्याला अनुकरण कोणाचे करावयाचे आहे?

याहून जुना आणि याहून थोर दाखला सम्राट अशोकाचा आहे. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर तो लुंबिनीस गेला. तेथे भगवान बुद्ध जन्मले म्हणून त्याने शिलास्तंभ उभा केला आणि त्यावर कोरविले की या गावाचा बळी हा कर माफ केला असून उत्पन्नाचा केवळ आठवा हिस्सा घेतला जाईल. जन्मस्थळाचा गौरव कसा करावा हे यावरून शिकावे. जहांगिराने आपल्या जन्मदिवशी चांदीचे बदाम उधळले. अशोकाने तथागतांच्या जन्माखातर शेतकऱ्यांच्या डोक्यावरचा भार उतरविला. बदाम वेचणारे लाचार झाले. लुंबिनीच्या शेतकऱ्याच्या घरात मात्र चार पायली धान्य अधिक राहिले.

आणि स्वतः तथागत? ते शाक्यकुळातील क्षत्रियाच्या घरी जन्मले. जन्माची थोरवी मिरवावयाची असती तर त्यांना काही कमी नव्हते. त्यांनी तीच टाकून दिली आणि सांगितले की मनुष्य जन्माने नव्हे तर कर्माने श्रेष्ठ वा नीच ठरतो. हा धम्माचा गाभा आहे. म्हणूनच राजाच्या वाढदिवसाची रीत आमच्या धम्माशी मुळातच विसंगत आहे. जन्मामुळे माणूस पूज्य ठरतो असे एकदा मानले, की जन्मामुळे माणूस अस्पृश्य ठरतो हे नाकारावयास कोणता आधार उरतो? राजमुकुट आणि जातिभेद ही एकाच झाडाची फळे आहेत. भारतीय राज्यघटनेच्या १८ व्या कलमाने किताब नष्ट केले, १९७१ साली २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि विशेषाधिकार गेले. घटनेतून राजा गेला. तो आमच्या फलकांवरून आणि देव्हाऱ्यांतून परत येता कामा नये.

बाबासाहेबांची जयंती १४ एप्रिल १९२८ रोजी पुण्यास जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी प्रथम सार्वजनिक रीतीने साजरी केली. त्या काळी अस्पृश्यांनी रस्त्यावरून आपल्या पुढाऱ्याचे चित्र मिरवणे हाच एक हक्काचा उच्चार होता. ज्या गावात आमच्या माणसाने पायांत वहाण घालून जाणे गुन्हा होता, तेथे घराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावणे याला छाती लागत असे. त्या फोटोची कोणी थट्टा करील तर ती आम्हांस मान्य नाही. तो फोटो भिंतीवर हवाच. आक्षेप आहे तो त्या फोटोचा दुकानातील माल होण्याला.

बाबासाहेबांना स्वतःला याविषयी काय वाटत होते? १९४७ साली मद्रासच्या ‘जय भीम’ पत्राने वाढदिवसाच्या विशेषांकासाठी संदेश मागितला तेव्हा त्यांनी स्पष्ट कळविले की आपला वाढदिवस साजरा होणे आपल्याला आवडत नाही; आपण लोकशाहीचे इतके कट्टर अभिमानी आहोत की व्यक्तिपूजा आपल्याला रुचत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतही त्यांनी बजावले की राजकारणातील भक्ती ही अधःपाताकडे आणि हुकूमशाहीकडे नेणारी वाट आहे. ज्यांनी हे सांगितले त्यांच्या तसबिरीस मुकुट चढविणे, त्यांना सिंहासनावर बसवून रथातून फिरविणे आणि शेजारी वर्गणी देणाऱ्या पुढाऱ्यांचे चेहरे त्यांच्याएवढेच मोठे छापणे, याला आदर म्हणावे काय?

१९९० साली बाबासाहेबांची प्रतिमा एक रुपयाच्या नाण्यावर आली. २०१५ साली १२५ व्या जयंतीवर्षात १२५ रुपयांचे आणि १० रुपयांचे नाणेही निघाले. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु ज्यांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्यांचा अनुयायी नाण्यावरच्या चेहऱ्याला केवळ हात जोडून थांबणार नाही. तो विचारील, हा रुपया कोठून आला, कोठे गेला, आणि माझ्या घरात त्यातला किती राहिला?

हाच हिशेब आता आपण करू. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवर उन्हात दिवसभर मिरच्यांची देठे खुडणारी भगिनी मजुरी घरी आणते. तिखटाने तिचे हात रात्रभर जळतात. त्या मजुरीतून ती जयंतीची वर्गणी देते, मुलाला निळी टोपी, बिल्ला आणि सदरा घेते, उत्साहाच्या भरात एखादी सोनेरी मुलाम्याची मूर्तीही घेते. कर्कश वाद्यांचे भाडे, फटाके, फलक यांत वर्गणी संपते. तो माल बनविणारा कारखानदार कोण? विकणारा ठोक व्यापारी कोण? वाद्यांचा मालक कोण? तिच्या वस्तीतला बहुधा कोणीच नव्हे. १५ एप्रिलला वाद्ये परत जातात, फलक फाटतात, टोपी फिकट होते, आणि जूनमध्ये शाळेचे दप्तर घेण्यासाठी तीच भगिनी उसने पैसे मागावयास निघते. हे चांदीचे बदाम नव्हेत तर काय?

‘आम्हीही वर्षातून एक दिवस आनंद करू नये काय?’ असे विचारणारे तरुण आहेत. जरूर करावा. आनंदाला आमचा विरोध नाही. नेदरलंड देशात राजाच्या वाढदिवशी, २७ एप्रिलला, सारे लोक नारिंगी कपडे घालतात. परंतु त्या दिवशी सामान्य माणसे आणि लहान मुलेसुद्धा घरातल्या जुन्या वस्तू रस्त्यावर मांडून स्वतः विकतात. राजाचा दिवस असूनही त्यांच्या खिशात चार पैसे येतात. आमच्या मुक्तिदात्याच्या दिवशी मात्र आमच्याच खिशातले पैसे जावेत, ही कोणती रीत? आणि आमच्याकडेही चांगला दाखला नाही असे नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांची दुकाने लागतात. लांबून आलेली गरीब माणसे भाकरी बांधून आणतात आणि वाचलेल्या पैशांतून ग्रंथ विकत घेऊन जातात. जगात कोणत्या राजाच्या जत्रेत असा माल खपतो? हाच आमचा खरा बाजार आहे आणि याचा आम्हांस अभिमान असावा.

तेव्हा नवदीक्षित कुटुंबांनी जयंतीची प्रत्येक वस्तू घेताना तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू बाबासाहेबांच्या कार्याची आठवण देते की केवळ त्यांच्या चेहऱ्याची? हिचा पैसा आपल्या समाजातील कष्टकऱ्याच्या हाती जातो की नाही? आणि जयंतीच्या दुसऱ्या दिवशी ही वस्तू घरात काही कामाला येईल काय? तिन्ही उत्तरे नकारार्थी असतील तर ती वस्तू दुकानातच राहू द्यावी.

गावच्या समितीनेही काही नियम करावेत. वर्गणीचा निम्मा भाग प्रथम बाजूला काढून त्यातून मुलांची वह्या-पुस्तके व परीक्षेची शुल्के द्यावीत. उरलेल्यात समारंभ करावा. झेंडे व पताका वस्तीतल्या शिवणकाम करणाऱ्या भगिनींकडून शिवून घ्याव्यात. कर्ज काढून जयंती करू नये. वंदनेनंतर सर्वांसमोर जमाखर्च वाचून दाखवावा. रोला बादशहाच्या थैलीत काय आहे ते दिसले नाही. आपली थैली मात्र सर्वांसमोर उघडी असली पाहिजे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी देण्यास सांगितले. तो विसावा हिस्सा ध्वनिक्षेपकाच्या भाड्यात मोजता येत नाही.

बौद्ध बंधूंनो आणि भगिनींनो, राजाला आपला चेहरा वस्तूंवर छापून घ्यावा लागतो, कारण तो गेल्यावर त्याची आठवण ठेवावयास दुसरे कारण उरत नाही. बाबासाहेबांना त्याची गरज नाही. आपले मूल शाळेत पहिल्या बाकावर बसते, आपली सून नळावर निर्धास्त पाणी भरते, आपला माणूस ग्रामपंचायतीत खुर्चीवर बसून बोलतो, तेथे तेथे त्यांची मुद्रा उमटलेली आहे. येत्या १४ एप्रिलला फोटोला हार जरूर घालावा. पण त्या फोटोखाली या वर्षी घरात नवे काय वाचले गेले ते एक पुस्तक ठेवावे. ज्या घरात ते ठेवता येणार नाही, त्या घराने पुढच्या वर्षीच्या टोपीचे पैसे आजपासून त्यासाठी बाजूला काढावेत.